कारण काय लिहू?

मुकादमाला खोटं सांगून मी माझी आत्या आजवर दोनदा मारली आहे. पहिल्यांदा चिपळूणला मारली, दुसऱ्यांदा राजापूरला. आत्या मुंब्र्याला राहते, धडधाकट आहे, मला बघितलं की शिव्या घालते आणि जेवायला वाढते. पण आमच्या खात्यात मयताला नाही म्हणत नाहीत. पैसे कापतात, पण जाऊ देतात. आजारी पडलो तर संशय घेतात, लग्न आहे म्हटलं तर पत्रिका मागतात. मयत चालतं. आणि दोन्ही वेळा मी गेलो होतो तो पॅसेंजर गाडीत बसायला. कुठं पोचायला नाही. नुसतं बसायला.

आता दोस्तहो, हे चूक की बरोबर? खोटं बोललो ते चूकच, त्यात वाद नाही. पण मला छळणारा प्रश्न दुसराच आहे. खरं कारण तोंडातून बाहेर का पडलं नाही? माणूस मेला हे कारण होतं, आणि माणसाला बरं वाटतं हे कारण का होत नाही?

मी भिवंडीच्या बाजूला एका गिरणीत सुताला खळ लावायच्या खात्यात आहे. पाळी बारा तासांची. राहायला दिव्याला. दिवा जंक्शन आहे, म्हणजे आमच्या चाळीत झोप कमी आणि गाड्या जास्त. वसईची लाईन इथून फुटते, पनवेलची इथूनच. दहावी नापास झालो तेव्हा घरात तोंड दाखवायला नको म्हणून पुलावर जाऊन उभा राहायचो, तिथंच हा नाद लागला. इंजिनावरची अक्षरं वाचायला शिकलो. डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, साडेपाच फुटांचे. ए म्हणजे एसी करंट. पी म्हणजे सवारी गाडी. डब्ल्यूएपी-७ म्हणजे सहा हजारांवर अश्वशक्तीचा धूड, येताना आवाज आधी पायाला कळतो. शाळेत जे वाचता आलं नाही ते इथं वाचता आलं. माझी एक वही आहे. तारीख, गाडी, इंजिनाचा नंबर, किती मिनिटं लेट, कुठं क्रॉसिंग. कविता दुसऱ्या वहीत. पण खरं सांगू, ही पहिली वही मला जास्त आवडते.

माझी आवडती गाडी दिवा-सावंतवाडी. बोर्डावर काय लिहायचं ते लिहोत, आम्ही तिला पॅसेंजरच म्हणतो. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर आणि अख्खा दिवस. सकाळी निघाली की पेण, नागोठणे, रोहा, कोलाड, माणगाव करत वीरला येते. वीर म्हणजे महाडचं स्टेशन. चवदार तळ्याला जाणारी आपली माणसं इथं उतरतात. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब आणि मंडळी बोटीनं दासगाव बंदराला उतरून महाडला गेली होती, तेव्हा इथं रूळ नव्हते. कोकण रेल्वे पुरी झाली १९९८ साली. माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता, १९८२ च्या संपात सुटला तो सुटलाच. तो गावाला आधी बोटीनं जायचा, नंतर लाल एसटीनं. रेल्वेनं गावाला जायचं त्याच्या नशिबात फार उशिरा आलं, आणि तेव्हाही तो खिडकीत बसला नाही. सामानावर बसला. सामान चोरीला जाईल म्हणून.

आमच्या घरात गाडी म्हणजे तीन गोष्टी. लग्न, मयत आणि ६ डिसेंबर. चौथं कारण कोणी ऐकलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर गेलो तेव्हाची गोष्ट. समोर एक काका बसले होते, बरोबर सात-आठ वर्षांचा नातू. खेडला जाणारे. बोलके. डबा उघडून ठेवलेला, घ्या म्हणाले, मी एक लाडू घेतला.

"कुठं उतरणार?"

"सावंतवाडी."

"कोण आहे तिथं?"

"कोणी नाही."

"मग काही काम?"

"काम पण नाही. गाडीत बसायला आलोय. उद्या सकाळी हीच गाडी परत येते, तिनं परत."

काका हसले. मग हसायचे थांबले. माझ्या चपलेकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. असं फिरणारा माणूस त्यांनी बघितला नसेल असं नाही. गळ्यात कॅमेरा असलेले, बूट घातलेले, पुलांचे फोटो काढणारे पुष्कळ येतात, त्यांना कोणी कारण विचारत नाही. माझ्या अंगावर ते बसत नव्हतं.

"आडनाव काय म्हणालात?"

मी म्हणालो नव्हतो. मग म्हणालो. काका "बरं बरं" म्हणाले. डबा नातवाच्या पलीकडे सरकला. कदाचित सहज सरकला असेल, पोराला पाहिजे असेल. हे 'कदाचित' आम्ही जन्मभर वागवतो. त्याला तिकीट लागत नाही.

वीरच्या पुढं रूळ एकेरी होतो. रोहा ते वीर २०२१ साली दुहेरी झाला, पण तिथून खाली एकच वाट. समोरून गाडी आली की एकीनं बाजूला व्हायचं. बाजूला कोण होतं ते सांगायला नको. वंदे भारत २०२३ साली सुरू झाली, तिला वाट. एक्स्प्रेसला वाट. पॅसेंजर लूपमधे उभी. गाड्यांना पण वर्ण आहेत, आणि पॅसेंजरवाल्याचा वेळ हा वेळच नाही असं समजून टाइमटेबल लिहितात. २०२० च्या टाळेबंदीत तर पॅसेंजर गाड्या बंदच झाल्या, मग स्पेशल नाव लावून एक्स्प्रेसच्या भाड्यात परत आल्या. दहाचं तिकीट तीसला. ते परत दहाला यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. रत्नागिरी पॅसेंजर आधी दादरहून सुटायची, आता दिव्याहून. दादरच्या माणसानं बोचकी घेऊन दिव्याला यावं.

हे सगळं मला ठाऊक आहे, तरी लूपमधे उभी असलेली गाडी मला आवडते. इथंच माझी पंचाईत आहे. इंजिन गप्प होतं, पाखरं ऐकू येतात, माणसं खाली उतरून पाय मोकळे करतात, कुणी काजूगर विकतं. मग लांबून रूळ गुणगुणतो. हा अपमान आहे हे डोक्याला कळतं आणि काळीज खुशीत असतं. दोन्ही एकाच वेळी. कुणाचं ऐकायचं?

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात एक बाबा येतात, पँथरच्या काळातले. लाठ्या खाल्लेले. त्यांना मी वही दाखवली होती, मोठ्या अपेक्षेनं. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "ही चैन आहे रे. त्यांच्या पोरांनी पक्षी मोजायचे, तू इंजिनं मोज. तुझ्याएवढा असताना आम्ही मोर्चातली माणसं मोजायचो." मी गप्प बसलो. त्यांच्यापुढं बोलायची माझी लायकी नाही. पण उत्तर आत फिरत राहिलं, ते इथं लिहितो. बाबा हा अंक वाचतात.

बाबा, आपले लोक कमी फिरले का? वतनात महार गावाचा पायच होता. सरकारी माणूस आला की त्याच्या पुढं पळायचं. टपाल पोचवायचं, सारा पोचवायचा. गावात कोणी मेलं की रात्री-अपरात्री दहा कोस चालत सोयऱ्यांना सांगावा द्यायचा. माझ्या आज्याच्या बापानं हे केलंय. बाबासाहेबांनी १९२८ साली त्याविरुद्ध बिल आणलं, वतनं कायद्यानं गेली १९५८ साली. म्हणजे पाय आमचे आणि कारण नेहमी दुसऱ्याचं. दुसऱ्याचं मयत आमच्या पायाला. आणि आज मी सुट्टीसाठी मुकादमापुढं उभा राहतो आणि माझ्या तोंडून काय निघतं? मयत! पणजा सांगावा घेऊन पळत होता, पणतू खोटा सांगावा देऊन पळतोय. मला याची लाज वाटते. चैनीची नाही वाटत.

दुसरी गोष्ट. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपण सगळ्यांनी वाचलंय. १९०१ साल. पोरवयातले भीमराव, भाऊ आणि भाचे रेल्वेनं वडिलांकडे गोरेगावला निघाले. (हे साताऱ्याकडचं. आमच्या लाईनीवर माणगावच्या पुढं गोरेगाव रोड लागतं ते वेगळं.) मसूरच्या स्टेशनात उतरले, न्यायला कोणी आलं नाही, स्टेशन मास्तरानं विचारलं, पोरानं जात सांगून टाकली, मास्तराचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं देऊनही गाडीवान शेजारी बसेना, पोरांनी गाडी हाकायची आणि तो चालणार. हे आपण भाषणात सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण त्याच्या आधीचं कोणी सांगत नाही. निघताना नवे कपडे होते, भरजरी टोप्या होत्या. भावानं तिकिटं काढली आणि प्रत्येकाच्या हातावर दोन आणे ठेवले, मनाला येईल तसे खर्च करायला. पोरांनी काय केलं? एकेक बाटली लेमोनेड घेतलं! तहान लागली म्हणून नाही, हातात दोन आणे आहेत म्हणून. मग शिट्टी वाजवत गाडी आली आणि गाडी सुटेल या भीतीनं ती पळत चढली.

मसूरच्या आधी लेमोनेड होतं, बाबा. तीस-पस्तीस वर्षांनी इतकं सगळं सोसून झाल्यावर बाबासाहेब ते लिहायला बसले तेव्हा लेमोनेड विसरले नाहीत. ते गाळून मसूर लिहिता आलं असतं. नाही गाळलं. मला वाटतं की त्या दिवशी हिसकावलं गेलं ते नुसतं बैलगाडीतलं शेजारपण नाही, ते दोन आणे पण हिसकावले. मग ते परत मागायचे की नाही? की पाण्याचं भांडण संपल्यावर मागायचे?

इथपर्यंत मी वकिलासारखा बोललो. आता माझ्याविरुद्ध साक्ष देतो.

रत्नागिरीच्या अलीकडं करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळ पानवलचा पूल, ६४ मीटर उंच. नाद असलेला माणूस इथं दारात उभा राहतो. मागच्या एका खेपेला अशाच एका कटिंगमधे वळणावर मी मोबाइलनं पुढच्या इंजिनाचा फोटो काढला. झकास आला. रात्री स्टेशनात बघतो तर कडेला दरडीला चिकटून एक माणूस उभा. नारिंगी जाकीट, खांद्यावर हातोडा. रुळावर चालत चाव्या तपासणारा. गाडी जाईपर्यंत बाजूला झालेला. फोटोत तो मधे येत होता, म्हणून मी तो कापला. बोटानं कडा ओढली, माणूस गेला, इंजिन राहिलं. मित्रांना पाठवला, वा वा झाली.

चार दिवसांनी पाळीवर मला ते आठवलं आणि हात थांबले. मी काय केलं? आमच्या बाबतीत हजारो वर्षं जे केलं तेच. चित्र चांगलं दिसावं म्हणून कडेचा माणूस काढून टाकला. आणि कुणी भाग पाडलं नव्हतं, आपखुशीनं, सौंदर्यासाठी!

ही लाईन बांधताना ७४ माणसं मेली. २००३ च्या जूनमधे वैभववाडीजवळ दरड रुळावर आली, गाडी घसरली, पन्नासच्या वर माणसं गेली. तेव्हापासून पावसात गाड्या सावकाश चालवतात आणि रात्रभर माणसं कंदील घेऊन रूळ चालतात. मी खिडकीत झोपतो तो कुणाच्या तरी जागण्यावर. आणि संडासाचं भोक थेट रुळावर उघडायचं तेव्हा स्टेशनातला तो रूळ कोण धूत होतं, कुठल्या जातीचं, हे पण मला माहीत आहे. आता डब्यांना टाक्या बसल्या. पण ज्या काळच्या गाड्यांचे जुने फोटो मी जमवतो त्या काळात बसल्या नव्हत्या.

म्हणून बाबांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. नाद आंधळा करतो. पण त्यावर उपाय नाद सोडणं हा आहे का, ते मला पटत नाही. वहीत मी एक रकाना वाढवलाय. रुळावर कोण दिसलं. नाव कळत नाही, स्टेशनाचं नाव आणि वेळ लिहितो. 'विन्हेरे, दोन माणसं, एक हातोडा.' याचा त्यांना काही उपयोग नाही, हे मला कळतं. पगार वाढत नाही त्यांचा. तरी लिहितो. आणि इंजिनाचा रकाना खोडला नाही.

त्या काकांचं राहिलं. दिवाणखवटीच्या आसपास गाडी लूपमधे थांबली. नातू मला म्हणाला, "काका, कुठली येणार?" मी घड्याळ बघून सांगितलं, आणि इंजिन डब्ल्यूएपी-७ असणार म्हणून सांगितलं. तेच आलं. पोरगं टाळ्या पिटायला लागलं. मग त्याला डब्ल्यू, ए, पी समजावलं. काका खिडकीबाहेर बघत होते, पण ऐकत होते, कारण पोरगं चुकलं तेव्हा त्यांनीच दुरुस्त केलं, "ए म्हणजे करंट रे." खेडला उतरले. पोरानं हात केला. काकांनी नाही केला. डबा बरोबर नेला.

परवा परत मुकादमापुढं उभा राहिलो.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. सावंतवाडी पॅसेंजरला बसायचंय."

"कशाला?"

"बसायला."

त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "खाडा पडेल. आणि हे पुढच्या वेळी धरून ठेवीन."

खाडा पडला. गाडी रोह्याला २२ मिनिटं लेट होती.