पाटीवरचा 'रास्त'

महाराष्ट्रात रेशनच्या दुकानावर 'रास्त भाव दुकान' अशी पाटी असते, छत्तीसगडमध्ये 'उचित मूल्य दुकान'. दोन्हीकडे न्यायाचा शब्द भावाला चिकटवलेला आहे. भाव तर एका प्रकारच्या सगळ्या शिधापत्रिकांना एकच असतो. अन्याय घडतो तो मापात, 'माल आला नाही, उद्या या' या उत्तरात, महिन्यातले दोनच दिवस उघडणाऱ्या दारात; आणि तो बहुधा ज्याच्या शब्दाला वजन नाही त्याच्याच वाट्याला येतो. छत्तीसगडच्या रायपूर शहरात 2012 मध्ये रेशनची 'कोअर पीडीएस' ही ऑनलाइन व्यवस्था सुरू झाली; लोकांपुढे ती 'मेरी मर्जी' या नावाने आली. तोवर शिधापत्रिका एकाच दुकानाला बांधलेली असे, आता यंत्र बसवलेल्या कुठल्याही दुकानातून धान्य उचलता येऊ लागले. महामाया मंदिराभोवतीच्या पुरानी बस्तीसारख्या दाट वस्तीत याचा अर्थ फार मोठा आहे. तक्रार करायला धीर लागतो, अर्ज लिहिता यावा लागतो, आणि एवढे करूनही पुढच्या महिन्यात त्याच दुकानदारापुढे पिशवी धरायची असते. चार गल्ल्या ओलांडून दुसरे दुकान गाठायला यातले काहीच लागत नाही. गळती रोखणारी योजना म्हणून तिचे कौतुक झाले. मला ती त्याहून जास्त भेदभावावरचा उपाय वाटते.

मात्र मर्जी चालायला दुसरे दुकान असावे लागते. छत्तीसगडमधल्याच दुर्गम अबूझमाडात एकच दुकान गाठायला डोंगर-नाले पार करावे लागतात. तिथे हाच नियम शब्दशः लागू केला तरी कुणाच्या पदरात काही पडत नाही. नियम सर्वांना सारखा आहे एवढ्याने तो निर्दोष ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या नितिशा खटल्यात स्पष्ट केले. हेतू स्वच्छ असला तरी परिणाम एकाच गटावर कोसळत असेल, तर तो अप्रत्यक्ष भेदभावच. ही कसोटी लष्करापुरती ठेवण्याचे कारण नाही. आधारची ओळख पटवायला रेशनच्या यंत्रावर अंगठा सर्वांनीच ठेवायचा. पण विटा उचलणाऱ्याचा, घरोघर भांडी घासणारीचा, सत्तरी ओलांडलेल्याचा अंगठा झिजलेला असतो. इथे नियम एक आहे, बोटे मात्र एकसारखी नाहीत.

यावर आक्षेप येतो की बोगस कार्डे गरिबांचेच धान्य खात होती आणि यंत्राने ती चोरी पकडली. थोड्यांच्या गैरसोयीसाठी सगळ्यांचा लाभ सोडायचा का? चोरीचा मुद्दा खराच आहे. पण छत्तीसगडने त्यावरची मोठी लढाई अंगठ्याआधी लढली होती. 2004 मध्ये खासगी दुकानदारांकडून दुकाने काढून ती पंचायती, बचत गट आणि सहकारी संस्थांकडे दिली गेली, शिवाय सरकार थेट दुकानापर्यंत माल पोचवू लागले. राहिला 'थोड्यांचा' प्रश्न. आधार खटल्यात पडताळणी फसण्याचे प्रमाण 0.232 टक्के असल्याचे न्यायालयापुढे आले. 119 कोटी आधारधारकांच्या हिशेबाने ते 27 लाखांहून अधिक माणसे होतात. आणि ती सोडतीने निवडलेली नसतात. ज्यांना त्या धान्याची गरज सर्वात जास्त, त्यांच्यातच ती दाटलेली असतात. सरासरी नेमके हेच झाकते. न्यायालयाने 2018 मध्ये आधार कायदा बहुतांशी उचलून धरला, पण पडताळणी फसली म्हणून कुणाचा हक्काचा लाभ अडवू नये, असेही बजावले.

प्रत्येकासाठी वेगळा नियम कसा करणार, असेही विचारले जाते. तसे कुणी मागतच नाही. अंगठा उठला नाही तर नाव नोंदवून धान्य द्या, अशी सूचना केंद्राने 2017 मध्येच दिली होती आणि त्यासाठी दुकानात वेगळी नोंदवही ठेवायला सांगितली होती. आढावा बैठकीत यशाच्या टक्केवारीआधी ती वही उघडायला हवी. ती कोरी निघाली, तर कुणाचाच अंगठा अडला नाही की अडलेल्याला कुणी लिहूनच घेतले नाही, हे दुकानदाराला नव्हे, रिकाम्या पिशवीने परतलेल्याला विचारावे लागेल.