दोष कोणाच्या माथी?

यंत्र बिघडले की मनुष्याला पहिला प्रश्न पडतो तो 'काय बिघडले?' हा, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, 'किती लागतील?' हा. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न असतो, तो सहसा कोणी मोठ्याने विचारीत नाही. काय बिघडले हे नक्की ठाऊक नसेल, तर त्या ठाऊक नसण्याची किंमत कोणी भरावयाची? पहिला प्रश्न मेस्त्रीचा, दुसरा हिशेबाचा. तिसरा मात्र नीतीचा आहे, आणि म्हणूनच तो टाळला जातो.

तुळजापुरात गाडीवर पोट असणारी माणसे पुष्कळ आहेत. कोणी सोलापुराहून भाविक आणतो, कोणी देवळाजवळच्या दुकानांना कवड्यांच्या माळा, परड्या, हळदकुंकू आणि चोळीचे खण पोचवितो. नवरात्र आणि त्यामागून येणारी आश्विन पौर्णिमा हा त्यांचा सुगीचा काळ. अशा दिवसांत गाडी उभी राहिली की कमाई थांबते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. एका अशा गाडीची आणि तिच्यातल्या तळहाताएवढ्या पेटीची गोष्ट घेऊन हा तिसरा प्रश्न जरा निरखून पाहावा असे मला वाटते.

गिअर बदलण्याचे काम आजवर चालकाचा डावा हात आणि डावा पाय करीत आले. आमच्याकडच्या बहुतेक मालगाड्यांत ते आजही तसेच चालते. परंतु क्लचचे पायडलच नसलेल्या गाड्या आता भाड्याच्या धंद्यातही दिसू लागल्या आहेत. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओ गाडीने ही सोय आपल्याकडे बेताच्या किमतीत आणली. या गाड्यांत हातापायाचे काम एक विजेची पेटी करविते. चाकांचा वेग किती, इंजिनाचे फेरे किती, क्लच कोठवर दाबला गेला, ब्रेकवर पाय आहे की नाही, या सगळ्यांचे निरोप तारांवाटे तिच्याकडे येतात. ती ठरविते, आणि तिच्या हुकमाने गिअर पडतो. चालकाच्या अंगवळणी पडलेले शहाणपण त्या पेटीत जाऊन बसले आहे, असे म्हटले तरी चालेल.

एके दिवशी ऐन चढावर गिअर पडेनासा होतो. गाडी ओढत गॅरेजात आणतात. मेस्त्री तपासणीचे यंत्र जोडतो, आणि पडद्यावर एक आकडा उमटतो. त्या आकड्याचा अर्थ असतो, 'क्लचमध्ये दोष', किंवा 'अमुक सेन्सरमध्ये दोष'. हा आकडा देतो कोण? तीच पेटी. म्हणजे साक्षीदार ती, आणि निवाडा देणारीही ती. तिच्यातच बिघाड असेल तर? मग ती निरपराध्याकडे बोट दाखवील आणि स्वतः नामानिराळी राहील. आणि उलटही घडते. पेटी धडधाकट असते. बॅटरी उतरलेली असते, एखादा अर्थिंगचा जोड गंजलेला असतो, एखादी तार लोखंडाला घासून उघडी पडलेली असते, आणि शिक्षा पेटीला होते. कधी तर उघड्या तारेनेच पेटी जळालेली असते. तार तशीच ठेवून नवी पेटी बसविली, तर दुसरीही पहिलीच्या वाटेने जाते.

आमच्या भवानीच्या देवळात चिंतामणी नावाचा एक गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरावयाचा. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, अशी श्रद्धा आहे. हा कौल मागणारा जे काही मिळेल ते स्वतःसाठी घेतो, आणि चुकले तर त्याचे तोच भोगतो. गॅरेजातल्या पडद्यापुढेही आपण अशाच भाबडेपणाने उभे राहतो. फरक इतकाच की तेथे कौल मागणारा एक असतो आणि तो भोगणारा दुसरा. मेस्त्री आकडा वाचतो, मालक पैसे मोजतो.

मेस्त्रीला लबाड ठरविण्याचा माझा हेतू नाही. त्याचीही अडचण खरी आहे. एकेक तार मीटरने तपासावयाची म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी द्यावयाची म्हटली की गिऱ्हाईक कपाळाला आठ्या घालते. "एवढा वेळ नुसते पाहिलेच ना? काम काय केले?" असे विचारणारे मालक मी ऐकले आहेत. पाहण्याला आपण काम मानीत नाही. बदललेला सुटा भाग हातात दिला म्हणजे मात्र समाधान पावतो. मग मेस्त्रीही अंदाजाने भाग बदलतो. विजेचा माल दुकानदार परत घेत नाहीत, तसा फलकच दुकानात लावलेला असतो. म्हणून अंदाज चुकला तरी पेटीचे पैसे मालकाच्याच अंगावर पडतात.

वर्गात गणित तपासताना आम्ही शिक्षक नुसते उत्तर पाहत नाही, पायऱ्या पाहतो. उत्तर चुकले एवढे कळून मुलाचे काहीच भले होत नाही. हातचा कोठे राहिला ते कळावे लागते. मेस्त्रीलाही पायऱ्या पाहावयाच्या असतात. परंतु त्या त्याला दाखविल्या जातात का? पुष्कळदा नवी पेटी नुसती बसवून भागत नाही. तिला त्या गाडीची ओळख शिकवावी लागते, क्लच नेमका कोठे धरतो हे तिच्याकडून गिरवून घ्यावे लागते. त्यासाठी लागणारी साधने आणि माहिती कंपनीच्या कुलपात असते. चोरी होऊ नये म्हणून कुलूप हवे, हे म्हणणे मला पटते. पण घरमालकालाच किल्ली नाही असे कुलूप चोराविरुद्ध आहे की घरमालकाविरुद्ध, हेही विचारले पाहिजे.

हे विचारणारा मी पहिला नव्हे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या मेस्त्रींना खुलेपणाने मिळू न देणे, हा ठपका होता. पुढे प्रकरण अपिलांत गेले. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समितीही नेमली. म्हणजे हा केवळ गॅरेजातल्या कुरकुरीचा विषय राहिलेला नाही.

आणखी एक निकाल मला याहून बोलका वाटतो. एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने फोर्डच्या तेथील कंपनीला एक कोटी डॉलर दंड केला. तिच्या काही गाड्यांच्या स्वयंचलित गिअरपेट्या चालताना थरथरत. गाड्यांतच दोष आहे हे कंपनीला ठाऊक असताना ग्राहकांना वारंवार सांगण्यात आले, की तुमच्या चालविण्याच्या पद्धतीमुळे असे होते. येथे अज्ञान नव्हते. ज्याला ठाऊक होते त्याने, ज्याला ठाऊक नव्हते त्याच्या माथी दोष मारला. अन्यायाचे हे फार जुने रूप आहे. विजेच्या पेटीने त्याला फक्त नवे घर दिले.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. न कळण्याची किंमत कोणी भरावी? आजचा व्यवहार पाहिला तर ती उतरत उतरत खाली येते. कंपनीला सर्वांत अधिक कळते, ती सर्वांत कमी भरते. मेस्त्रीला थोडे कळते, तो थोडे सोसतो. गाडीवाल्याला काहीच दिसत नाही, आणि सगळी भरपाई तो करतो. न्याय म्हणावयाचा तर हा ओघ उलटा वाहिला पाहिजे. ज्याला कळू शकते, किंवा ज्याने दुसऱ्याला कळू दिले नाही, त्याने संशयाचा भार आधी उचलावा.

हे कायद्याने व्हावयाचे तेव्हा होईल. पण त्यातला काही भाग आजही आपल्या हातचा आहे. मालकाने तपासणीची मजुरी खुशीने द्यावी, आणि काहीच बदलावे लागले नाही तर ती वाया गेली असे मानू नये. मेस्त्रीने अंदाजाला अंदाज म्हणावे. "मला खात्री नाही. आधी तारा पाहतो. तरीही पेटीच वाटली, तर दुसरी लावून बघू, पण ती चालेलच असे सांगत नाही," एवढे बोलल्याने त्याची अब्रू जात नाही. उलट, असे बोलणाऱ्याच्या हाती गाडी सोपवून मालक निदान त्या रात्री स्वस्थ झोपतो. पौर्णिमेची गर्दी चार दिवसांवर आलेली असताना तेवढेही थोडे नव्हे.