विषाणू आटोक्यात, माणसाचं काय?

"एचआयव्ही झालेल्याला आणखी हार्टची काळजी कशाला?" या प्रश्नात दुष्टावा क्वचितच असतो, हिशेब मात्र वीस वर्षं जुना असतो. 1 एप्रिल 2004 ला मोफत सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू झाली, त्याआधीची अवस्था मुंबईला सांगायला नको. आज रोज एक गोळी घेऊन घाटकोपरहून लोकलने कामावर जाणारा माणूस पन्नाशी सहज ओलांडतो, आणि पन्नाशीतली दुखणी त्यालाही गाठतात. हृदयविकार तर इतरांपेक्षा जास्तच. विषाणू आटोक्यात असणं वेगळं, माणूस धडधाकट असणं वेगळं. व्हायरल लोड तपासणीत सापडेनासा झाला तरी आतला दाह पुरता विझत नाही आणि रक्तवाहिन्या त्याची किंमत मोजत राहतात.

"गोळ्यांनीच हृदय बिघडतं" हा आक्षेप अर्धा खरा आहे. काही जुन्या औषधांनी कोलेस्टेरॉल वाढे. पण 2006 च्या 'स्मार्ट' अभ्यासात सीडी-4, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या, चांगली असताना ज्यांची औषधं थांबवली, त्यांच्यातच मृत्यू आणि हृदयविकार वाढले. पुढे स्टीव्हन ग्रिन्स्पून या हार्मोनतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली भारतासह 12 देशांत 'रिप्रीव्ह' चाचणी झाली. एरवी ज्यांना कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन लिहून दिलं नसतं, अशा 40 ते 75 वयाच्या 7,769 एचआयव्हीबाधितांपैकी निम्म्यांना पिटाव्हास्टॅटिन मिळालं. 2023 चा निष्कर्ष: हृदयविकार, पक्षाघात यांसारखे गंभीर प्रसंग 35 टक्क्यांनी कमी. मधुमेह मात्र 4 ऐवजी 5.3 टक्क्यांना झाला, आणि आपल्याकडे हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

खरा प्रतिपक्ष पैशांचा आहे. एक गंभीर प्रसंग टाळायला सुमारे 106 जणांना पाच वर्षं गोळी द्यावी लागते. मग आधी टीबी आणि औषध अर्ध्यावर सोडणारे रुग्ण का नकोत? याला तोड नाही, म्हणून 'एआरटी रुग्णांसाठी वेगळी हृदय ओपीडी' ही मी मांडणार होतो ती मागणी मला मागे घ्यावीशी वाटते. तिची गरजही नाही. एआरटी केंद्रात पुढची तारीख ठरलेली असते, वजन होतं, उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात, तारीख चुकली तर फोन येतो. तिथेच बीपी आणि साखर नेमाने पाहिली, सिगारेट-तंबाखूबद्दल दोन शब्द विचारले, की निम्मं काम झालं. स्टॅटिन कोणाला, ते डॉक्टर ठरवतील. उलट मुलुंड-अंधेरीतल्या साध्या मधुमेह्याची गोळी महिनाभर बंद पडली तर चौकशी कोण करतं? एचआयव्हीवाल्यांना इतरांसारखी सेवा मिळावी, असं म्हणायला निघालो होतो. आता वाटतं, मागणी उलटी करायला हवी: त्यांना मिळणारा पाठपुरावा उपनगरातल्या प्रत्येक बीपीच्या रुग्णाला मिळावा.