माळरानाची बेटे

नगर-सोलापूर रस्त्यावरचे मिरजगाव समुद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर, कर्जत तालुक्याच्या अवर्षणग्रस्त मुलखात वसलेले आहे. तरीही बेटांच्या भूगोलाचा पक्षिजीवनावर कसा अंमल चालतो हे पाहण्यासाठी येथील रहिवाशाला अंदमान गाठण्याचे कारण नाही. बेट जितके लहान तितक्या तेथील जाती लवकर निर्वंश होतात, आणि ते जितके एकाकी तितके नवे आगंतुक विरळ, असा सिद्धांत मॅकआर्थर आणि विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडला. अंदमानातील नारकोंडम हे जेमतेम सात चौरस किलोमीटरांचे बेट. तेथील धनेश जगात अन्यत्र कोठेही नाही. काळविटांसाठी १९८० मध्ये राखलेले आमचे रेहेकुरी अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरांचे, म्हणजे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान. आणि त्याच्या सभोवार पाणी नसले, तरी नांगरटीचा आणि कुकडीच्या कालव्यामागोमाग आलेल्या उसाचा वेढा आहेच.

पंख असलेल्या प्राण्याला हद्द कसली, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु उडून ओलांडता येणे निराळे आणि तेथे संसार थाटता येणे निराळे. काळ्या पोटाचा चिमुकला चंडोल पाहा: नर सरळ वर चढतो, पंख मिटून धोंड्यासारखा खाली येतो, आणि भुईला टेकता टेकता पुन्हा वर उसळतो, मादी मात्र गुराच्या खुराने पडलेल्या खळगीत, काठाशी बारीक खडे मांडून, अंड्यांवर बसलेली असते. तिला ती उघडी भुई हवी. पुरुषभर उंचीच्या उसात तिला थारा नाही.

माळढोकाची गोष्ट याहून खेदाची आहे. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणाऱ्या आणि ऋतुमानानुसार दूरदूरची कुरणे धुंडाळणाऱ्या या अवजड पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, बाजारपेठा सारेच आले, आणि पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले. माझ्या मते आकडा वाढवण्या-घटवण्याने फारसे काही साधले नाही; कुरणाकुरणांमधला दुवा तुटत गेला आणि पक्षी येथून जवळजवळ नाहीसा झाला. सागरी बेटांवर लक्षावधी वर्षांच्या एकांतातून मॉरिशसच्या डोडोसारख्या आगळ्या जाती घडल्या. आमची बेटे काही दशकांची, तेव्हा त्यांच्या हिशेबात जमेची बाजू कोरीच, केवळ खर्च मांडलेला.

(उलट बाजूही आहे: भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी या कोरड्या मुलखात स्वतःच एक बेट ठरले, आणि भिगवणला रोहित पक्षी उतरू लागले. पण त्या शोभेने चंडोलाची भरपाई होत नाही.)

म्हणून मोल आहे ते अभयारण्याबाहेरच्या तुकड्यांचे: गायरान, पडीक रान, दप्तरी पोटखराबा म्हणून नोंदलेली खडकाळ जमीन. हीच या बेटांमधली विसाव्याची ठिकाणे. आणि वृक्षारोपणाच्या सद्हेतूने सुबाभूळ लावून आपण तीच मोडतो. मिरजगाव पंचक्रोशीतील वाचकांना माझी विनंती एवढीच, की ग्रामसभेत गायरानावर खड्डे खणण्याचा ठराव आला, तर हात वर करण्यापूर्वी एकदा पहाटे तेथे फिरून यावे आणि त्या गवतात कोण घरटे करून आहे ते पाहावे.