वाफसा

एका शेतकऱ्याला दोन मुलगे होते. थोरला १४ वर्षांचा, धाकटा ११ वर्षांचा. दोघांनाही जन्मापासून हिमोफिलिया. आईच्या भावालाही तो होता. तिच्याकडूनच तो मुलांत उतरला. रक्त गोठण्यासाठी लागणारं फॅक्टर आठ दोघांच्या अंगात जवळजवळ नव्हतंच. त्यामुळे कधी काही न लागताही गुडघ्याच्या आत रक्त साचायचं. गुडघा गरम व्हायचा, टम्म फुगायचा.

रोग एक, पण स्वभाव दोन टोकांचे. थोरला धीट. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात शिरेतून फॅक्टर दिलं आणि ठणका थांबला, की दुसऱ्या दिवशी गडी कबड्डीच्या मैदानात हजर. धाकटा भित्रा. दुखणं सरलं तरी महिना महिना खाटेवर पडून. आई त्याला ताटसुद्धा जागेवर नेऊन द्यायची.

अशी काही वर्षं गेली. एकदा दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोघांना शेजारी शेजारी झोपवलं. टेपनं मांड्या मोजल्या, गुडघे किती वाकतात ते पाहिलं. दोघांचाही उजवा गुडघा सरळ होईना. दोघांचीही उजवी मांडी डावीपेक्षा बारीक.

बाप चक्रावला. "बाई, हा कधी थांबला नाही आन् तो कधी हलला नाही. मग दोघांचं एकसारखंच कसं झालं?"

बाई म्हणाल्या, "ठणका थांबला म्हणजे सांधा बरा झाला, असं थोरल्याला वाटलं. आतलं अस्तर सुजलेलंच होतं. त्यावर भार पडला, पुन्हा रक्त आलं आणि हळूहळू कूर्चा झिजली. धाकट्यानं पाय हलवलाच नाही, म्हणून मांडीचा स्नायू वाळला. गुडघ्याला सांभाळतो तो स्नायूच. तोच दुबळा झाल्यावर साध्या चालण्याचा हिसकाही सांध्याला बसतो आणि पुन्हा रक्त येतं."

बापाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ जाईना. बाईंनी विचारलं, "पाऊस पडल्या पडल्या रानात कुळव घालता का हो?"

"छ्या! चिखलात औत रुततं, जमीनही बिघडते."

"मग रान कडक वाळेपर्यंत थांबता?"

"तसं केलं तर नुसती ढेकळं निघतील. वाफसा आला की कुळवायचं."

"सांध्याचंही तसंच आहे. रक्त आलं की आधी फॅक्टर. मग पाय उशीवर, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ, आणि पायावर भार अजिबात नाही. दुखणं आणि सूज उतरायला लागली की वाफसा आला समजा. मग मात्र खाट धरायची नाही."

त्यांनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. "गुडघा खाली दाब. मांडी घट्ट कर. आता सोड." ते जमल्यावर पाय सरळ ठेवून उचलायचा, मग दुखणार नाही इतकाच गुडघा वाकवायचा, मग कुबड्या घेऊन चालायचं आणि शेवटी कुबड्या सोडायच्या. गुडघा चोळायचा नाही, जोर लावून ओढायचा नाही. झिणझिण्या किंवा ऊब जाणवली की तिथंच थांबून फॅक्टर घ्यायचं. बरं वाटतं त्या दिवसांतही व्यायाम चुकवायचा नाही.

थोरला थांबायला शिकला, धाकटा हलायला. काही महिन्यांनी धाकट्याचा गुडघा सरळ झाला आणि तो भावाबरोबर शाळेत चालत जाऊ लागला. थोरल्याचा गुडघा थोडा वाकडाच राहिला, कारण झिजलेली कूर्चा परत येत नाही. पण पुन्हा पुन्हा रक्त येणं कमी झालं. कबड्डी सोडून तो विहिरीवर पोहायला लागला. पाण्यात सांध्यावर फारसा भार पडत नाही आणि अंगही बळकट होतं.

तात्पर्य : फॅक्टर रक्त थांबवतं, पण सांधा राखतो तो वेळेवरचा आराम आणि वेळेवरचा व्यायाम. उतावळेपणा आणि भीती दोन्ही सांध्याचं नुकसान करतात.