एका दिवसाची भाकर

शास्त्रपाठ : मत्तय ६:११, निर्गम १६:११-३०



प्रभूने शिकविलेली प्रार्थना आपल्यापैकी बहुतेकांना अक्षरओळख होण्यापूर्वीच पाठ झालेली असते. आईच्या मांडीवर बसून आपण ती म्हटली, शब्बाथ शाळेत म्हटली, लग्नात म्हटली आणि कबरस्तानातही म्हटली. इतक्या वेळा म्हटली की आता ती जिभेला ठाऊक असते; मनाला तिची वर्दी जातेच असे नाही. त्यातही भाकरीची विनंती आपण फार लवकर ओलांडतो. देवाचे नाव, त्याचे राज्य, त्याची इच्छा हे मोठे विषय. पापांची क्षमा हाही गंभीर विषय. त्यांच्या मध्ये ही भाकर काहीशी लहान वाटते. शिवाय ज्याच्या घरी डब्यात महिन्याचे पीठ भरलेले आहे, त्याने आजची भाकर मागावी तरी कशाला?

मराठी भाषांतरकारांनी येथे 'भाकर' हा शब्द योजला, याबद्दल मला त्यांचे नेहमी आभार मानावेसे वाटतात. इंदूरला, बडोद्याला, दिल्लीला किंवा बंगळूरला राहणारे मराठी ख्रिस्ती कुटुंब ताटात पोळी वाढून घेत असेल वा भात. प्रार्थनेत मात्र ते अजून भाकरच मागते. भाकर हे मेजवानीचे अन्न नव्हे. ती कष्टकऱ्याची शिदोरी आहे आणि ती त्या त्या दिवशी थापावी लागते.

मूळ ग्रीक भाषेत 'रोजची' या अर्थी जो शब्द आला आहे, तो 'एपिऊसिओस'. नव्या करारात तो मत्तय ६:११ आणि लूक ११:३ या दोनच ठिकाणी आढळतो. तिसऱ्या शतकातील मंडळीचे विद्वान शिक्षक ओरिजेन यांनी त्याच काळी नमूद करून ठेवले की, हा शब्द ग्रीक लोकांच्या बोलण्यात वा ग्रंथांत नाही. म्हणून त्याचा अर्थ 'आजच्या दिवसाची', 'उद्याची', 'गरजेपुरती' असा निरनिराळा केला गेला. विद्वानांचा हा वाद आपण येथे सोडवू शकत नाही. परंतु ज्या यहूदी श्रोत्यांनी ही प्रार्थना प्रथम ऐकली, त्यांना भाकर आणि दिवस हे दोन शब्द एकत्र ऐकताच सीनचे रान आठवले असेल, याविषयी मला शंका वाटत नाही.

त्या रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तो माणशी एक ओमर, आणि एका दिवसापुरता. तो आयता तोंडात पडत नव्हता. पहाटे उठून, वाकून वेचावा लागे; ऊन तापले की तो वितळून जाई. देवाकडे मागणे म्हणजे हातपाय न हलविणे, असा अर्थ येथे मुळीच निघत नाही. काही लोकांनी मोशेचे न ऐकता तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, तेव्हा त्यात किडे पडले व त्याला दुर्गंधी सुटली.

हा भाग आपल्या परिचयाचा आहे. पण याच अध्यायात पुढे आणखी दोन वेळा मान्ना साठविला गेला, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. सहाव्या दिवशी लोकांनी दुप्पट वेचून शब्बाथासाठी ठेवला. तो नासला नाही. पुढे एक ओमरभर मान्ना भांड्यात घालून पुढील पिढ्यांसाठी ठेवण्यात आला, तोही टिकला. वस्तू एकच, रानही तेच. पहिला साठा भीतीने केलेला होता : उद्या देव देईल न देईल, कोण जाणे! दुसरा केला तो विसावा घेता यावा म्हणून, आणि तिसरा मुलाबाळांना देवाची आठवण राहावी म्हणून. हे दोन्ही देवाच्या सांगण्यावरून झाले. म्हणून बँकेतील ठेव किंवा मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेले पैसे हे अविश्वासाचे लक्षण आहे, असे कोणी व्यासपीठावरून सांगू लागला तर ते पुरते शास्त्रानुसार होणार नाही. योसेफाने सात वर्षे धान्य साठविलेच होते. (त्या धान्याच्या बदल्यात मिसरी लोकांची गुरे, शेते आणि शेवटी शरीरेही फारोची झाली, हे उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय लपवीत नाही. कोठारे भरताना हेही वाचावे.)

आपल्या साठ्याला कीड लागली आहे की नाही, हे ओळखायचे कसे? लूकच्या बाराव्या अध्यायातील धनवान मनुष्य स्वतःशी काय बोलतो ते पाहा. माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव. त्याच्या बोलण्यात 'आमचे' हा शब्द एकदाही येत नाही. उलट प्रभूच्या प्रार्थनेत 'माझे' हा शब्द एकदाही येत नाही. दार लावून एकांतात प्रार्थना करावी असे त्याने जरा आधी सांगितले आहे. तरी त्या बंद खोलीतही आपण 'आमची' भाकर मागायची आहे.

आणि येथे ही लहानशी विनंती आपल्याला अडचणीत आणते. प्रभूच्या श्रोत्यांत पुष्कळ जण रोजंदारीवर पोट भरणारे असतील. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एका दिवसाची मजुरी एक दिनार आहे, आणि मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ती सूर्यास्तापूर्वी हातात द्यावयाची होती, कारण मजुराचा जीव तिच्यावर अवलंबून असतो (अनुवाद २४:१५). मजुरी अडली की त्या रात्री चूल पेटणे कठीण. सन २०२० च्या टाळेबंदीत आपल्या देशातील लाखो मजूर गावाकडे चालत निघाले, तेव्हा एका दिवसाची कमाई आणि एका दिवसाची भाकर यांत किती थोडे अंतर असते, हे आपण सर्वांनी पाहिले.

आता आपल्या घरात पाहू. धुणेभांडी करणारी बाई आजारी पडली, की आपण खाडा धरून पैसे कापतो. आपण सुटीवर गावी गेलो, तरी तो महिना अर्धाच धरतो. महिन्याची एक तारीख उलटून आठ होते. सुटे नाहीत, उद्या ये, असे दारातूनच सांगतो. तीही कदाचित त्याच सकाळी देवाजवळ भाकर मागून घराबाहेर पडलेली असते. देवाने तिचे ऐकले आणि तिची भाकर आपल्या कपाटात ठेवली, तर उशीर कोणाकडून झाला? याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि ते ओरडणे सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोहोचते. हे वचन मी अनेकदा वाचले. पण ते बड्या जमीनदारांना उद्देशून आहे, अशी मी बराच काळ समजूत करून घेतली होती.

भाकरीचे मोल ज्याने उपाशी राहून जाणले, त्याच्या तोंडी ही विनंती वेगळीच ऐकू येते. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले. वडील गेले ते सन १८७४ मध्ये. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील उपाशी, निराधार मुली व विधवा यांना त्यांनी बरोबर आणले. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आसरा मिळाला. संपूर्ण बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर करण्याचे काम रमाबाईंनी हाती घेतले, तेव्हा हे भाकरीचे वचनही त्यांच्या लेखणीखालून गेले. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या. ते बायबल १९२४ साली छापून प्रसिद्ध झाले.

मिझोरामच्या ख्रिस्ती भगिनींची एक रीत येथे सांगण्याजोगी आहे. तेथे १९१० च्या सुमारास ती सुरू झाली. प्रत्येक वेळी स्वयंपाक करताना घरची गृहिणी तांदळातून एक मूठ प्रभूच्या कार्यासाठी वेगळी काढते. मंडळीतील स्त्रिया घरोघरचे तांदूळ गोळा करून विकतात आणि ते पैसे सुवार्तेच्या कामाला देतात. ज्या घरात रोख पैसा क्वचितच दिसे, त्या घरानेही यात भाग घेतला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की मूठ काढली जाते ती तांदूळ चुलीवर चढण्यापूर्वी. जेवणे झाल्यावर भांड्यात काय उरले, याचा तेथे प्रश्नच नसतो.

प्रिय वाचका, आज सायंकाळी कुटुंबासह प्रार्थनेस बसाल, तेव्हा या विनंतीपाशी थोडे थांबा. 'आमची' म्हणताना कोणाची तोंडे डोळ्यांपुढे येतात ते पाहा. ज्याचे पैसे आपल्याकडे अडले आहेत असे एखादे नाव आठवले, तर उठा आणि आधी ते देऊन या; प्रार्थना परत आल्यावर पुरी करता येईल. अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी बंधूकडे जाण्याविषयी प्रभूने याच डोंगरावरील प्रवचनात, एक अध्याय आधी, सांगून ठेवले आहे.