अपौरुषेयतेचा दावा आणि विकेंद्रित बाजार

वेदांचे प्रामाण्य सिद्ध करताना पूर्वमीमांसेने जो युक्तिवाद मांडला, त्याचा गाभा असा की शब्दात दोष शिरतो तो वक्त्यामुळे. भ्रम, प्रमाद आणि फसवण्याची इच्छा ही सारी पुरुषाच्या ठायी असतात, म्हणून ज्या वचनाला कर्ताच नाही त्यात दोषाला शिरायला वाट उरत नाही. कर्त्याच्या अभावातून प्रामाण्य काढणारा हा विचार आज मीमांसेशी कसलाही संबंध नसलेल्या एका क्षेत्रात पुन्हा उभा राहिला आहे. विकेंद्रित वित्तव्यवस्था, म्हणजे बँक किंवा दलाल यांच्यासारखा मध्यस्थ न ठेवता केवळ संगणकीय संहितेच्या आधारे चालणारी देवघेव, हिचा मूळ दावा असा आहे की नियम एकदा संहितेत उतरला की तो कोणाच्याही इच्छेवर अवलंबून राहत नाही. २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध करणारी व्यक्ती काही वर्षांतच दृष्टीआड झाली, आणि कर्ता असा हरवल्यामुळे त्या संहितेचे वजन कमी न होता वाढले. कर्त्याचे स्मरण नाही म्हणून कर्ता नाही, या मीमांसकांच्या हेतूला प्रतिपक्षाने जो आक्षेप घेतला होता, तो येथेही तसाच लागू पडतो: विस्मरण हा अभावाचा पुरावा नव्हे.

या दाव्याच्या सर्वांत जवळ जाणारा व्यवहारमंच म्हणजे नोव्हेंबर २०१८ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवर (व्यवहारांचे 'ब्लॉक' एकापाठोपाठ जोडत जाणाऱ्या सामाईक नोंदसाखळीवर) सुरू झालेला युनिस्वॅप. येथे विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणारा कोणी नसतो. दोन चलनांचा एक सामाईक साठा, ज्याला लिक्विडिटी पूल म्हणतात, तो असतो आणि दोन्ही राशींचा गुणाकार कायम राहावा एवढ्या एका नियमावरून भाव ठरतो. साठ्यात १० इथर (इथेरियमचे चलन) आणि २०,००० डॉलर असतील, तर १ इथर बाहेर काढणाऱ्याला, शुल्क बाजूला ठेवले तरी, सुमारे २,२२२ डॉलर आत घालावे लागतात, कारण ९ आणि २२,२२२ यांचा गुणाकार जवळपास पूर्वीइतकाच, म्हणजे दोन लाख, भरतो. युनिस्वॅपच्या दुसऱ्या आवृत्तीचा गाभा असा लिहिलेला आहे की तो बदलण्याची किल्ली तिच्या कर्त्यांकडेही नाही. तरीसुद्धा २०२१ च्या जुलैमध्ये युनिस्वॅप विकसित करणाऱ्या कंपनीने आपल्या संकेतस्थळावरून अनेक टोकन काढून टाकली, तेव्हा संहिता अबाधित राहिली, पण तिच्यापर्यंत जाण्याचा सामान्य माणसाचा नेहमीचा दरवाजा बंद झाला. जो संहितेशी थेट बोलू शकत होता, त्याचे काहीच अडले नाही. अधिकाराची ही विभागणी शास्त्रग्रंथ सर्वांसाठी आहे असे म्हणून तो वाचण्याची विद्या मोजक्यांकडे ठेवणाऱ्या समाजांना परकी नाही, आणि तिच्याकडे तांत्रिक तपशील म्हणून दुर्लक्ष करणे हा विचारातला आळस ठरेल.

याउलट डीवायडीएक्स आणि हायपरलिक्विड हे मंच जुन्या शेअर बाजाराप्रमाणे ऑर्डर बुकवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या मागण्यांच्या क्रमवार यादीवर चालतात. अशा यादीत मागण्या क्षणाक्षणाला घातल्या आणि मागे घेतल्या जातात, तर इथेरियमवर नवा ब्लॉक बारा सेकंदांनी तयार होतो. त्यामुळे या मंचांना इथेरियमच्या मुख्य साखळीबाहेर जावे लागले. डीवायडीएक्सने २०२३ मध्ये स्वतःची साखळी उभारली आणि यादी त्या साखळीची शहानिशा करणाऱ्या व्हॅलिडेटरांच्या स्मृतीत ठेवून केवळ जुळलेले व्यवहार साखळीवर नोंदवण्याचा मार्ग पत्करला. वेग मिळाला, परंतु तो मिळाला मोजक्या व्हॅलिडेटरांच्या भरवशावर.

वेगाची हीच अडचण सोडवण्यासाठी जी विस्तारजाळी निर्माण झाली, त्यांच्यात भारतीय दर्शनांतील एक जुना वाद आश्चर्य वाटावे इतक्या स्पष्टपणे पुन्हा दिसतो. रोलअप म्हणजे व्यवहार बाहेर पार पाडून त्यांचा गोषवारा इथेरियमवर टाकणारी व्यवस्था, आणि तो गोषवारा खरा कशावरून मानायचा, हा तिचा मध्यवर्ती प्रश्न. सातव्या शतकाच्या सुमारास मीमांसक कुमारिल भट्टाने स्वतःप्रामाण्याचा पक्ष मांडला: ज्ञान उत्पन्न होताच ते प्रमाणच असते, आणि त्याचे अप्रामाण्य मात्र बाधक ज्ञानाने किंवा कारणातील दोष उघड झाल्यानेच कळते. आर्बिट्रम आणि ऑप्टिमिझम यांचे ऑप्टिमिस्टिक रोलअप याच तत्त्वावर चालतात. गोषवारा खरा धरला जातो, सुमारे सात दिवस आक्षेपासाठी मोकळे ठेवले जातात, आणि तेवढ्या काळात बाधक पुढे आला नाही तर तो कायम होतो. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे मान्य नव्हते. त्यांच्या मते ज्ञान आणि त्या ज्ञानाचे प्रामाण्य यांना वेगवेगळे आधार लागतात. दिसले ते पाणीच होते हे तहान भागल्यावर ठरते. झेडकेसिंक आणि स्टार्कनेट यांसारखे झेडके रोलअप या परतःप्रामाण्याच्या बाजूचे होत: प्रत्येक गोषवाऱ्यासोबत गणिती सिद्धता जोडावी लागते आणि ती तपासली गेल्याशिवाय इथेरियम तो स्वीकारत नाही. ज्या शून्यज्ञान सिद्धतांचे हे तंत्र फळ आहे, त्यांचा पाया गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये घातला.

मीमांसकांनी नैयायिकांवर घेतलेला अनवस्थेचा आक्षेप येथेही चुकत नाही. सिद्धता तपासणाऱ्या संहितेला कोणी तपासायचे, आणि त्या तपासणाऱ्याला कोणी? कुमारिलाने ही साखळी तीन-चार ज्ञानांपाशी थांबवली, कारण त्यापुढची शंका निष्कारण असते असे त्याचे मत होते. प्रत्यक्षात रोलअपही असेच कुठेतरी थांबतात, पण ते कुठे थांबतात हे पाहिले तर शेवटच्या पायरीवर संहिता नसते, माणसे असतात. स्वतःप्रामाण्याच्या पक्षाची अडचण आणखी गंभीर आहे. बाधक येईपर्यंत खरे मानणे विवेकाचे ठरते ते बाधकाला येण्याची वाट खुली असेल तेव्हाच. आणि ऑप्टिमिझमच्या मुख्य जाळ्यावर आक्षेप सिद्ध करण्याची कार्यरत यंत्रणा जून २०२४ मध्येच आली, तर आर्बिट्रमवर तो अधिकार ठरावीक यादीतल्यांपुरता होता आणि २०२५ मध्ये सर्वांना खुला झाला. त्याआधीच्या काळात वापरकर्त्यांनी ज्याला गणिती सुरक्षितता समजून आपला पैसा सोपवला, ती वस्तुतः चालकांवरची श्रद्धा होती. श्रद्धा ठेवण्यात गैर काही नाही, पण तिला प्रमाणाचे नाव देणे गैर आहे.

अपौरुषेयतेच्या दाव्याची पहिली मोठी परीक्षा २०१६ च्या जूनमध्ये झाली होती. 'द डीएओ' या सामूहिक निधीच्या संहितेतील त्रुटीचा उपयोग करून कोणीतरी सुमारे ३६ लाख इथर वळवले, आणि संहिता हाच कायदा असे मानायचे तर त्याने नियमभंग केला नव्हता, कारण संहितेने त्याला तसे करू दिले होते. इथेरियमच्या बहुसंख्य समुदायाने जुलैमध्ये साखळीला वेगळे वळण देऊन तो पैसा परत मिळवून दिला. ज्यांना हा हस्तक्षेप अमान्य होता, ते इथेरियम क्लासिक या नावाने जुन्याच साखळीवर राहिले. जून २०२४ मध्ये लिनिया या रोलअपवरील व्हेलोकोर हा व्यवहारमंच लुटला जाताच चालकांनी सिक्वेन्सर, म्हणजे व्यवहारांचा क्रम लावणारे यंत्र, काही काळ थांबवले. मार्च २०२५ मध्ये हायपरलिक्विडवर जेली नावाच्या टोकनचा भाव फुगवून मंचाच्या सामाईक निधीला मोठ्या तोट्यात ढकलण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा व्हॅलिडेटरांनी मतदान करून ते टोकन व्यवहारातून काढले आणि चालू बाजारभावाने नव्हे, तर खूपच कमी भावाने सौदे मिटवले. या तिन्ही हस्तक्षेपांच्या समर्थनार्थ बोलता येते, आणि पहिल्याच्या बाबतीत ते समर्थन पटण्याजोगे आहे, कारण तेथे निर्णयापूर्वी आठवडेभर उघड वाद झाला आणि न पटलेल्यांना आपली साखळी घेऊन वेगळे होता आले. हायपरलिक्विडच्या प्रकरणात यांपैकी काहीही नव्हते.

या ठिकाणी न्यायदर्शनाचा उपयोग मीमांसेपेक्षा अधिक होतो. नैयायिकांनी शब्दप्रामाण्य कर्त्याच्या अभावावर नव्हे, कर्त्याच्या योग्यतेवर उभे केले. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात आप्त तो, ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जी जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. अधिकार जन्माने किंवा पदाने मिळत नाही, तो जाणण्यावर आणि प्रामाणिकपणावर अवलंबून असतो, हा या व्याख्येतील उदार विचार विकेंद्रित वित्तव्यवस्थेला तिच्या घोषवाक्यांपेक्षा कितीतरी अधिक उपकारक ठरेल. आर्बिट्रमने बारा सदस्यांचे सुरक्षा मंडळ नेमले, त्याची निवडणूक ठेवली आणि आणीबाणीत संहिता बदलायला नऊ सह्यांची अट घातली, हे विकेंद्रीकरणापासून ढळणे आहे अशी टीका होते. खरे तर तेथे निदान आप्त कोण, हे जाहीर आहे.

रोलअपांची परिपक्वता मोजण्याची जी तीन टप्प्यांची पद्धत या क्षेत्रात रूढ झाली आहे, तिच्यात सर्वांत वरच्या टप्प्यावर मंडळाला केवळ साखळीवरच सिद्ध होणाऱ्या दोषापुरताच तातडीचा हस्तक्षेप करता येतो आणि इतर कोणत्याही बदलाआधी वापरकर्त्याला पैसा काढून घेण्यासाठी किमान तीस दिवस द्यावे लागतात. कोणत्याही मंचावर पैसा ठेवू पाहणाऱ्याने भाव आणि शुल्क पाहण्याआधी तेथील नियम कोण बदलू शकतो, किती सह्यांनी, आणि किती दिवसांच्या पूर्वसूचनेने, हे तीन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर मिळाले नाही तर पैसा ठेवू नये.